बाईंनी घेतलेला चहा

ते साल दोन हजार चोवीस. उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक झाली, राखीच्या आसपास लाडक्या बहिणीचे पैसे बायकांच्या खात्यात पडायला लागले, आणि सोयाबीनला भाव नव्हता म्हणून दिवाळीत फटाकेही बेताचेच वाजले. त्याच साली एप्रिलात वच्छलाबाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या. चाळीस वर्षांची नोकरी. नोकरी म्हणायची ती आपण. सरकार शेवटपर्यंत तिला मानधनी काम म्हणत आलं.

गाव अमडापूरच्या पलीकडचं, डांबरी सोडून आत शिरलं की लागणारं. त्या गावात चाळिशीच्या आतलं असं माणूस नव्हतं, ज्याला वच्छलाबाईंनी झोळीच्या काट्याला टांगून तोललं नव्हतं. कुणाला गोवर आला, कुणाला बोलायला उशीर झाला, कोण खडू खायचं, सगळं त्यांना पाठ. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. पुढे नाव लावायची गरज नव्हती.

निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सवयीने निऱ्या घालून, पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मग आठवलं. पिशवी खुंटीला गेली. त्यांचे यजमान दयाराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा संघर्ष पुण्याला कंपनीत, बायकोमुलांसकट तिथलाच झालेला. तो फोन करायचा, "आई, आता आराम कर." आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्याने कधी सांगितलं नाही. पोरं दारावरूनच अंगणवाडीत जायची आणि नव्या सेविकेला 'मॅडम' म्हणायची. 'बाई' हा शब्द आता कानावर पडायचा तो फक्त शालूबाईच्या तोंडून.

शालूबाई अंगणवाडीतली मदतनीस. वयाने थोडी लहान, त्यामुळे ती अजून कामावर होती. दुपारी भांडी घासून झाली की पदराला हात पुसत यायची आणि वच्छलाबाईंच्या ओसरीवर बसायची. या दोघींचं जे होतं, त्याला मैत्री म्हणणं तोकडं पडेल. वच्छलाबाई त्या गावात नेमणूक होऊन आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. वस्ती वेगळी, विहीर वेगळी, असे ते दिवस. पहिल्या महिन्यात वरच्या आळीचं एकही लेकरू सुकडी, म्हणजे अंगणवाडीतला सरकारी खाऊ, खाईना. लेकरं यायची, पण बाईंच्या हातची सुकडी म्हटलं की आया हाताला धरून घरी न्यायच्या. एक दिवस मारुतीच्या पारासमोर, चार माणसं बसलेली असताना, शालूबाईने वाटी पुढे केली. म्हणाली, "घाला बाई." आणि सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या, वाटी चाटूनपुसून खाल्ली. शालूबाई कुणब्याची लेक आणि कुणब्याची सून. घरी तिला मार बसला. पण आठवड्याभरात लेकरं पंगतीला बसायला लागली. वच्छलाबाईंची पुढची चाळीस वर्षं त्या एका वाटीवर उभी होती, आणि हे त्या विसरल्या नव्हत्या.

त्यांचं एक गुपितही शालूबाईपाशी होतं. त्याच वर्षी हिवाळ्यात दोघी लसीकरणाचं सांगायला घरोघर फिरत होत्या. एका मोठ्या घरी चहा पुढे आला. शालूबाईला कपबशीत. वच्छलाबाईंना गोठ्याच्या कोनाड्यातून काढलेल्या, कान तुटलेल्या कपात. आणून देणारी नवी नवरी होती, सत्यभामा. तिने मान वर केली नाही. चहा झाल्यावर आतून सासूचा आवाज आला, "धुऊन ठेव म्हना तिले." वच्छलाबाईंनी तो कप धुतला, कोनाड्यात ठेवला आणि पुढच्या घरी गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी गावात कुणाच्याही घरी चहा घेतला नाही. वरच्या आळीत नाही आणि फरक दिसू नये म्हणून आपल्या वस्तीतही नाही. कुणी आग्रह केला की म्हणायच्या, "मले चालत नाई." पित्ताचा त्रास आहे असं गावाने धरून घेतलं. पुढे काळ बदलला, ती सासू गेली, गोठ्याचे कोनाडे बुजले. लोक मनापासून आग्रह करायला लागले. तरी बाईंचं चालत नाही ते चाललं नाहीच. खरं कारण फक्त शालूबाईला माहीत होतं.

दिवाळी झाली आणि एक दिवस चंद्रशेखर मोटरसायकल घेऊन दारात आला. गावातल्याच रंगरावांचा मुलगा. तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा तो दिवसभर अंगणवाडीतच असायचा, खिचडी खाऊन बाईंच्या मांडीवर झोपायचा. आता चिखलीला एका खाजगी विमा कंपनीत होता. बूट, गळ्यात पट्टा, खिशाला दोन पेनं.

"काय करून राह्यल्या बाई?"

"काय करतो बाप्पा, बसली आहे. तू आज इकडे कसा चुकला?"

"तुमच्याचकडे आलो." तो ओसरीवर टेकला. "बाई, एजंट व्हा आमच्या कंपनीच्या."

वच्छलाबाई हसल्या. "पासष्ट वर्षांची झाली मी, चंदू. आता काय इमे विकू लोकांना?"

"वयाची अटच नाई. दहावी पास पाह्यजे, तुमी तं जुन्या मॅट्रिक. एक परीक्षा असते, पुस्तक मी देतो. पगार नाई, खोटं कायले सांगू, जेवढ्या पॉलिस्या तेवढं कमिशन. पन बाई, तुमचं नाव हाय. तुमी शब्द टाकला तं गाव नाई म्हनन का?"

"म्हणूनच भीती वाटते."

शालूबाई तिथेच शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "भेव कायचा? पोलिओचे थेंब पाजले तवाबी लोक म्हनत होते, काय पाजून राह्यल्या. आता बसून बसून पाय आखडून जातीन तुमचे."

"ठरवायची घाई नाई," चंद्रशेखर म्हणाला. "पंधरा दिवस नुसतं माह्यासंगं फिरून पाहा. पटलं तं हो म्हना. नाई पटलं तं चंदूले एक चापट मारा न् घरी पाठवा."

त्या रात्री वच्छलाबाईंनी संघर्षला फोन लावला. तो म्हणाला, "आई, कमिशनचं काम म्हणजे लोकांच्या मागे लागायचं काम. तुला जमणार नाही." त्यांना ते लागलं. चाळीस वर्षं लोकांच्या मागे लागूनच तर सगळं केलं होतं. लसी, लोहाच्या गोळ्या, शौचालयं. पण त्या वस्तूंचं त्यांना कधी काही मिळत नव्हतं, म्हणून लोक ऐकत होते. इथे आपल्याला मिळणार. मग शब्द तोच राहील का? हाच काटा त्यांच्या मनात होता, आणि ठरवायचं होतं ते एवढंच.

फेऱ्या सुरू झाल्या. चंद्रशेखर, वच्छलाबाई, आणि दुपारनंतर शालूबाई. पहिलंच घर किसनरावांचं. चहा आला. वच्छलाबाईंनी सवयीने हात आडवा केला, तेव्हा शालूबाई कानाशी लागली, "घ्या ना बाई. आता काय तुमी ड्यूटीवर हा? किती दिवस धरून बसता? ते मानसं गेले, तो जमाना गेला." तिच्या बोलण्यात एवढी माया होती की वच्छलाबाईंनी कप उचलला. किसनराव बघतच राहिले. मग आत ओरडून म्हणाले, "अवं पाह्य वं, बाईनं चहा घेतला आपल्या घरचा!" घरातल्या सगळ्या बायका दारात जमा झाल्या. जणू काही लग्नाची वरात थांबली होती.

असंच घरोघर झालं. गावात बातमी पुढे पळायची. बाई चहा घेतात म्हणून घरं झाडून ठेवली जायची, कुणी वेलदोडा घालायचं, कुणी चिखलीहून बिस्किटं आणून ठेवायचं. चहा झाला की वच्छलाबाई सवयीप्रमाणे आत जायच्या. लेकराची नखं बघायची, बाळंतिणीची विचारपूस करायची, पोराला उचलून अदमासाने वजन सांगायचं. चंद्रशेखर बाहेर ओसरीवर माणसांशी बोलत बसायचा. तो काय बोलतो हे त्यांनी ऐकलं नाही. ऐकावं असं वाटलंही नाही. त्यांच्या मते त्या अजून फक्त पाहत होत्या.

सत्यभामाबाईंच्या घराकडे जाताना मात्र वच्छलाबाई वाटेत दोनदा थांबल्या. ती नवी नवरी आता साठीची झाली होती. तिने सोनेरी काठाची कपबशी काढली होती. ट्रे पुढे करताना या वेळी तिने मान वर केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत घेतला आणि कप हातातच ठेवला. सत्यभामाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः मोरीवर जाऊन धुतला. नळ चालू होता तोवर त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते.

त्या दिवशी घरी येताना वच्छलाबाई शालूबाईला म्हणाल्या, "शालू, तू बोलली नसती तर मी हे घेऊनच मेली असती."

शालूबाई पायाखाली बघत चालत राहिली. ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

वच्छलाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. घ्यायचं हे काम. आपल्याला चार पैसे मिळाले म्हणून काय बिघडलं? विधवा बाईच्या हाती उद्या रक्कम पडली तर ते लसीइतकंच पुण्याचं. चंद्रशेखरने दिलेलं परीक्षेचं पुस्तक त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. हप्ता म्हणजे काय, वारस कसा लावायचा, आणि कागद हातात पडल्यावर महिन्याच्या आत मन बदललं तर पॉलिसी परत कशी करायची, हे सगळं त्यांनी परीक्षेला बसलेल्या पोरीसारखं घोकलं. चंद्रशेखरला मात्र त्यांनी लगेच सांगितलं नाही. चिखलीला कंपनीचा मेळावा होता, बुलढाण्याहून मोठे साहेब येणार होते. तिथेच सांगू म्हणाल्या. निरोपसमारंभाची साडी नेसल्या आणि जीपमध्ये बसल्या. शालूबाई आणि तिची सून प्रेरणाही संगतीला होत्या. प्रेरणा कशाला, हे वच्छलाबाईंनी विचारलं नाही. पोरगी बारावी शिकलेली, घरात बसून असते, बघेल चार माणसं, एवढंच त्यांना वाटलं.

मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी भाषण केलं. मग ज्यांनी त्या महिन्यात सगळ्यात जास्त पॉलिसी केल्या त्यांचे सत्कार सुरू झाले. माईकवर नाव पुकारलं गेलं ते वच्छलाबाईंच्या गावाचं, आणि पाठोपाठ प्रेरणाचं.

प्रेरणा उठली. पदर सावरत स्टेजवर गेली. तिला मिक्सर मिळाला, गळ्यात हार पडला, साहेबांनी हात जोडले. साहेब म्हणाले, "पहिल्याच महिन्यात एवढं काम! घराघराचा विश्वास मिळवणं सोपं नसतं." टाळ्या झाल्या. शालूबाईही टाळ्या वाजवत होती. मग तिचं लक्ष शेजारी गेलं आणि तिचे हात मांडीवर पडले.

वच्छलाबाईंनी विचारलं, "शालू, प्रेरणाने कोणाकोणाच्या पॉलिसी केल्या?"

शालूबाई स्टेजकडेच बघत राहिली.

त्या समजायच्या ते समजल्या. ज्या ज्या घरी चहा घेतला, ती ती घरं.

चंद्रशेखर जेवणाच्या रांगेत भेटला. अजिबात ओशाळला नव्हता. "बाई, तुमचा एजंटचा कोड निंघाले टाइम लागते. परीक्षा, फोटो, सतरा भानगडी. महिना निंघून गेला असता. प्रेरणाची परीक्षा पह्यलेच झाली होती, कोड तयार होता, म्हनून तिच्या नावावर टाकलं. तुमी हो म्हना, म्होरच्या साऱ्या तुमच्या."

"मी अजून हो म्हटलंच नव्हतं."

"पन नाईबी म्हन्लं नाई ना बाई," तो हसून म्हणाला आणि प्रेरणाच्या ताटात गुलाबजाम वाढला.

वच्छलाबाई न जेवता एसटीने परत आल्या. गावात उतरल्या त्या सरळ सत्यभामाबाईंच्या घरी. ओसरीवर त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"सत्यभामा, तू पॉलिसी घेतली का?"

"हाव ना बाई. बहिणीचे पैसे साचले होते, घरचे थोडे टाकले."

"चंदूने काय सांगितलं?"

"एकडाव भरा म्हने, दहा वर्षानं दामदुप्पट. एकडावच ना बाई?"

वच्छलाबाईंनी चष्मा लावला. "कागद आण."

कागद आले. त्यात काही दडवलेलं नव्हतं, ठळक अक्षरात होतं. दर वर्षी तेवढीच रक्कम, दहा वर्षं. एक हप्ता भरून थांबलं की बहुतेक पाण्यात.

"अवं माय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी कुठून आनू दरसाल?"

"मग सही का केली? चंदू तुझा कोण लागतो?"

"चंदूसाठी कोन केली?" सत्यभामाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुमी आमच्या घरचा चहा घेतला. चाळीस सालानं. तो म्हने, बाईनं चहा घेतला तवाच समजा, बाईचं काम हाय हे, बाई सोता कशा म्हनतीन. मंग मी कोन्या तोंडानं नाई म्हनू?"

शालूबाईच्या घरापर्यंतची वाट वच्छलाबाईंनी कशी कापली ते त्यांना नंतर आठवत नव्हतं. दोघी सासवासुना नुकत्याच परतल्या होत्या. मिक्सरचं खोकं चौकटीत होतं. प्रेरणा त्यांना बघून आत सरकली.

"चहाचं चंदूला कोणी सांगितलं?"

शालूबाईने पायातली चप्पल काढली, नीट भिंतीशी ठेवली. "म्या."

"काऊन?"

"त्यानं इचारलं, बाई बरोबर आल्या तरी लोकाईले कसं वाटीन का हे बाईचंच हाय. म्या त्याले त्या कान तुटक्या कपाचं सांगितलं, म्हन्लं, बाई ज्या घरचा चहा पेतीन, ते घर नाई म्हननार नाई."

"ते मी तुझ्यापाशी ठेवलं होतं, शालू. पोटच्या पोरालाही सांगितलं नाही."

"ठेवलं होतं. अन् म्याबी सांभाळलं, चाळीस साल." शालूबाईने आता मान वर केली. "पन माह्यापाशी दुसरं इकन्यासारखं होतं काय, बाई? तुमाले मानधन, मले अर्धं. तुमी बाई, अन् मी ए शालू. तुमचा सत्कार झाला तवा खुर्च्या म्या मांडल्या. पोट्टीचं नाव तरी माईकवर निंघालं. अन् कोनाच्या जिवावर म्हनाल तं हे ध्यानात ठेवा, म्या तुमच्या हातचं खाल्लं, तवा कुठं तुमी बाई झाल्या."

"ते तू माझ्यासाठी खाल्लं, असं मी समजत होती."

शालूबाईने भिंतीशी ठेवलेली चप्पल पायाने पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "मले भूक लागली होती. घरी दोन दिसाचं काई नव्हतं."

हे तिने खरं सांगितलं की घाव घालायला सांगितलं, हे वच्छलाबाईंना पुढे कधीच कळलं नाही. त्यांनी विचारलं नाही. त्या वळल्या आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रशेखर धावत आला. बाईंनी सत्यभामाबाईंचे कागद वाचले, हे त्याच्या कानावर गेलं होतं. "बाई, पॉलिस्या वापस गेल्या तं माह्या नोकरीवर येईन. असं करू, तुमी आजच फॉर्म भरा. समद्या घराईचं काम म्होरं तुमच्याच कोडवर. दरसाल कमिशन बसल्या जाग्यावर. म्होरच्या मेळाव्यात तुमचा सत्कार."

"आणि सत्यभामाने दर वर्षी कुठून भरायचं?"

"भरतीन बाई. तुमी मांगाले गेल्या तं भरतीनच."

इतके दिवस ज्याचा विचार करत होत्या, ते त्या एका वाक्यात मिटलं. "चंदू," वच्छलाबाई म्हणाल्या, "तू खडू खायचा तेव्हा मी तुझ्या तोंडात बोट घालून काढायची. तू चावायचा. मी कधी तुला मारलं नाही. आज मारावंसं वाटते, पण आता तुझं वय राहिलं नाही. जा तू."

तो गेला. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली.

चहा घेतलेल्या सगळ्या घरी त्या एकट्याच पुन्हा गेल्या. ओसरीवर उभं राहून सांगायच्या, "दर वर्षी भरायचं आहे, दहा वर्षं. झेपत असेल तर ठेवा. नसेल तर महिन्याच्या आत परत करता येते, मी संगती येते." काही घरांनी कागद काढून दिले. काहींनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. किसनराव पारावर चारचौघांत म्हणाले, "बाई, तवा तुमी चहा पेल्या, आता म्हनता वापस करा. पह्यले तुमचं तं ठरवा." लोक हसले. चाळीस वर्षांत बाईंवर पारावर कुणी हसलं नव्हतं.

सत्यभामाबाईंनी त्या दिवशीही चहा ठेवला. सोनेरी काठाची तीच कपबशी. वच्छलाबाईंनी हात आडवा केला.

सत्यभामाबाईंचा चेहरा पडला. "अजून मनात हाय, बाई?"

"तुझ्याबद्दल काही नाही. देवाशपथ नाही." मग वच्छलाबाई खाली बसल्या. "पण माझ्या चहाला आता भाव लागला आहे, सत्यभामा. मी तुझ्याकडे नुसता चहा पिऊ शकत नाही आता. ते गेलं."

चहावर साय धरली.

पुढे सत्यभामाबाईंचे पैसे थोडेफार कापून परत मिळाले. चिखलीच्या कचेरीत वच्छलाबाई त्यांच्यासोबत दोनदा जाऊन आल्या. त्या पैशांत सत्यभामाबाईंनी घरावर पत्र्याचं छत घातलं. किसनरावांनी पॉलिसी ठेवली आणि दुसऱ्या हप्त्याला थांबवली. बाईंनी बुडवलं, असं ते अजून सांगतात, आणि ऐकणारे मान डोलवतात. चंद्रशेखरची त्या कंपनीतून गच्छंती झाली. आता तो संभाजीनगरला प्लॉट विकतो. रोज सकाळी वच्छलाबाईंच्या फोनवर त्याचा फुलांचा सुप्रभात येतो. त्या उघडत नाहीत आणि पुसतही नाहीत. प्रेरणाने जीवनविमा सोडला आणि मोटरसायकलींचे विमे धरले. चिखलीला रोज जाते, स्कूटी घेतली आहे. कागदावर सही घेण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवते, असं लोक सांगतात. वच्छलाबाईंनी एजन्सी घेतली नाही. परीक्षेचं पुस्तक कपाटात आहे. अंगणवाडीतल्या मॅडमने लसीच्या दिवशी मदतीला बोलावलं तर जातात, आणि 'आजी' म्हटलं तरी वळून बघतात.

शालूबाई पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधी गेली. तोवर ती वाटेवर दिसली की वच्छलाबाई दुसऱ्या बाजूने जायच्या, आणि ती आजारी पडली तेव्हा एकदाच गेल्या, पण ती ग्लानीत होती. बोलणं झालं नाही. मयतीच्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नव्हती, म्हणून वच्छलाबाईंनी आपल्या घरून मोठ्या किटलीत चहा करून नेला. स्मशानातून परतलेली माणसं अंगणात बसली होती. किसनराव होते, सत्यभामाबाई होत्या, सगळी वरची आळी होती. बाईंनी एकेकाला चहा दिला. कुणी हात आडवा केला नाही.

सगळ्यांना देऊन झाल्यावर प्रेरणाने उरलेला एक कप भरला आणि रडत रडत त्यांच्यापुढे धरला.

"मले चालत नाई," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि किटली धुवायला मोरीवर गेल्या.